पन्नास फुटांवरचा अबोला

अंबूबाई आणि झुंबर पगारे या नवराबायकोतला अबोला अकराव्या दिवशी ख्रिसमसच्या झाडावर चढला.

झाड इंदिरानगरातल्या एका सोसायटीचं. त्याचं खरं नाव अरोकेरिया, पण ते उच्चारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. सोसायटी नवी होती तेव्हा कुणीतरी हौसेनं कुंडीत आणलं, कुंडी फुटली म्हणून जमिनीत लावलं, आणि मग सगळे विसरले. झाड मात्र वाढत राहिलं. पस्तीस वर्षांत ते पाचव्या मजल्याच्या वर गेलं. सरळसोट बुंधा, एका उंचीवर चहूबाजूंनी फांद्या, मग हातभर नुसता बुंधा, मग पुन्हा फांद्यांचा थर, असं थेट शेंड्यापर्यंत. खालच्या फांद्या विजेच्या तारेला टेकल्या आणि वरची एक चौथ्या मजल्यावरच्या अंजली मॅडमच्या बाल्कनीत शिरून वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडली, तेव्हा सभा झाली. फांद्या तोडायला महापालिकेची परवानगी आली. सेक्रेटरी सुनीलराव कासार यांनी झाडं छाटणाऱ्या चौघांना बोलावलं. तिघांनी खालूनच मान वर करून बघितलं, टोपी सांभाळली आणि निघून गेले. चौथा झुंबर.

झुंबर मूळचा सायखेड्याचा. वय बावन्न, अंगानं काटकुळा, बोलणं कमी. झाडावर चढायचं म्हटलं की गोदाकाठच्या दहा गावांत त्याचंच नाव निघायचं. दोर धरणारीचं नाव कुणी काढत नसे. आता मला सांगा, वरचा माणूस वर राहतो तो कुणाच्या जिवावर? पण लोक मान वर करून बघतात. खाली कोण उभं आहे, इकडे कुणाचं लक्ष असतं?

बांधणी साधीच होती. गलोलीनं सुतळी वर मारायची, उंचावरच्या फांद्यांच्या बेचक्यातून पलीकडे काढायची आणि तिच्या मागोमाग जाड दोर ओढून घ्यायचा. हा जिवाचा दोर. त्याचं एक टोक झुंबरच्या कमरपट्ट्याला. तिथून तो वर जातो, बेचक्यातून वळतो, बुंध्याच्या पाठीमागून खाली उतरतो, बुडाशी बांधलेल्या कप्पीतून फिरतो आणि वीस पावलांवरच्या कडुनिंबाशी येतो. तिथं अंबूबाई. झुंबर चढेल तसा ती ढिला दोर ओढून घेणार आणि झुंबर म्हणेल तेव्हा हळूहळू सोडणार. याशिवाय एक आखूड कमरदोर. तो बुंध्याला वेढा घालून दोन्ही बाजूंनी पट्ट्याला अडकवलेला. फांद्यांचा थर आला की कमरदोर सोडून थराच्या वर टाकावा लागतो, आणि तेवढा वेळ माणूस फक्त जिवाच्या दोरावर असतो. दोन्ही दोर एकदम सोडायचे नाहीत, हे झुंबरनं पोराला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

खरी भानगड करवतीची. पाठीमागून उतरणारा दोर झुंबरला दिसत नाही. झुंबर फांदीफांदीनं बुंध्याभोवती फिरतो, आणि दोर कधी मागं राहतो, कधी सरकून नेमका कापायच्या फांदीवर येतो. ताणलेल्या दोराला करवतीचा दात लागला की खेळ खलास. म्हणून प्रत्येक फांदीआधी झुंबर वरून विचारायचा, “दोर?” आणि अंबूबाई बघून सांगायची, “मागं.” क्वचित म्हणायची, “पुढं.” पुढं म्हटलं की करवत लावायची नाही. सव्वीस वर्षं हे असंच चाललेलं. घरात दोघं जेवढं बोलले नसतील तेवढं झाडावरून बोलले असतील, आणि तेही एवढंच.

अबोला कशावरून, तर एका खोक्यावरून. त्यांचा पोरगा संघर्ष ओझरच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला. बापाच्या सांगण्यावरून त्यानं ऑनलाइन एक वस्तू मागवली. तळहाताएवढं लोखंडी लॉक. त्यातून दोर ओवायचा, लॉक कडुनिंबाच्या बुडाला बांधायचं. वरच्या माणसाचा भार आला की ते आपोआप आवळतं, आणि दांडी दाबली की दोर सोडतं. संघर्षनं खोकं फोडलं, झुंबरनं दोर ओढून बघितला, पुन्हा ओढला, आणि समाधानानं म्हणाला, “आता दोर धरायला माणूस लागत नाय.”

अंबूबाई चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली, शेकली, खाली घेतली, आणि तिथून पुढं नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही. त्याच्याकडे पाहून “हं” सुद्धा नाही. काही सांगायचं असलं तर ती संघर्षला म्हणायची, “तुझ्या बापाला सांग, भाकर झाकलीय.” बाप हातभर अंतरावर मांडी घालून बसलेला. तोही संघर्षलाच म्हणायचा, “ऐकलं म्हणावं.” संघर्ष चार दिवसांत कंटाळला आणि आपण होऊन कारखान्यात जास्तीच्या पाळ्या घ्यायला लागला.

राग तर आलाच होता. सव्वीस वर्षं जीव हातात धरायचा आणि एक दिवस खोक्यातून लोखंड काढून म्हणायचं, माणूस लागत नाही! राग नाही तर काय आरती करायची? पण अंबूबाईच्या पोटात रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिथपर्यंत तिनं कुणाला पोचू दिलं नव्हतं.

दिवाळीपासून तिचा उजवा अंगठा दुखत होता. पीठ मळताना दुखायचा, धुणं पिळताना दुखायचा. दीड महिन्यापूर्वी सायखेड्याला एका मळ्यातल्या उंच सुरूच्या झाडावर झुंबर होता. तेव्हा लॉक नव्हतं. झाडाला दोराचे तीन वेढे आणि अंबूबाईचे हात, एवढंच. झुंबरनं कमरदोर सोडला, भार दोरावर दिला, आणि तिच्या अंगठ्यात अशी कळ आली की मूठच उघडली. दोर सरसरत गेला. तिनं कोपरात आणि पोटात धरून तो कसाबसा थांबवला. वर झुंबर झोकांडला, बुंध्याला बिलगला, क्षणभर तसाच राहिला, मग कामाला लागला. खाली आल्यावर त्यानं चहा घेतला आणि विचारलं, “चहात आलं हाय का?” ती म्हणाली, “हाय.” तेवढ्यावर विषय संपला.

त्याला कळलं होतं की नव्हतं? वरचा माणूस एकदम खाली येतो आणि त्याला कळत नाही, असं कसं होईल? पण कळलं असतं तर बोलला नसता का? दीड महिना ती हेच घोळवत होती. हे बाहेर आलं तर आपण दोराजवळ पुन्हा उभ्या राहणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कुठल्या तोंडानं राहणार?

तरी आज ती आली होती. लॉक दोर आवळतं खरं, पण ढिला दोर ओढायला आणि दांडी दाबायला हात लागतोच, आणि संघर्ष जास्तीच्या पाळीवर. दोघं एकाच मोटरसायकलवर सामान घेऊन आले. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

अडचण पहिल्याच फांदीला आली. झुंबर वीस फुटांवर गेला, कमरदोर आवळला, करवत हातात घेतली आणि समोरच्या बुंध्याला विचारल्यासारखं म्हणाला, “दोर?”

अंबूबाईनं बघितलं. दोर पाठीमागं होता. तिनं शेजारी उभ्या सुनीलरावांना सांगितलं, “त्यांना सांगा, मागं हाय.”

सुनीलरावांनी इकडे तिकडे बघितलं. “मी?”

“मंग कोण? मी नाय बोलत.”

सुनीलराव बँकेतून रिटायर झालेले. पार्किंगची, पाण्याची, कुत्र्याची, सगळी भांडणं त्यांनी मिटवलेली; निदान ते तसं सांगत. त्यांनी एका नजरेत परिस्थिती ओळखली, मान डोलावली आणि वर तोंड करून ओरडले, “मागे आहे!”

करवत चालली, फांदी खाली आली. दुसरी आली, पाचवी आली. झुंबर झाडाला विचारायचा, अंबूबाई सुनीलरावांना सांगायची, सुनीलराव वर ओरडायचे. काम बिनबोभाट चाललं होतं. तेवढ्यावर राहिलं असतं तर दुपारी सगळे घरी गेले असते.

पण भांडण मिटवायची खोड असलेल्या माणसाच्या पुढ्यात आयतं भांडण आलं की त्याला गप्प बसवत नाही. सुनीलरावांना वाटलं, एवढं नुसतं “मागे आहे, मागे आहे” काय? जरा ओलावा नको का? सातव्या फांदीला ते म्हणाले, “मागे आहे! सावकाश, म्हणतात!” आठव्याला म्हणाले, “मागे आहे! दमला असाल म्हणतात!” अंबूबाईनं त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. सुनीलरावांनी तिला खुणेनं सांगितलं की असू द्या, मी बघतो.

झुंबर पन्नास फुटांवर पोचला. अंजली मॅडमची बाल्कनी आता त्याच्या जरा खाली होती. ती बाल्कनीत शिरलेली फांदी तोडायची होती. त्यानं करवत घेतली.

“दोर?”

“मागं,” अंबूबाई म्हणाली.

“मागे आहे!” सुनीलराव ओरडले. “आणि ताई म्हणतात, जिवाला जपा हो! तुमच्याशिवाय आहे कोण त्यांना!”

बराच वेळ झाला, करवतीचा आवाज येईना. मग झुंबरचा आवाज आला.

“कोन म्हनलं?”

“ताई म्हणाल्या!”

“आमची अंबू?”

“हो, हो! मनापासून म्हणाल्या!”

झुंबरनं करवत पट्ट्याच्या कडीला अडकवली. दोन्ही हातांनी बुंधा धरला. “साहेब,” तो वरून म्हणाला, “सव्वीस वर्सांत ही बाई असं एकदाबी बोलली नाय. चांगलं चाललं व्हतं तव्हाबी नाय. हे तुमचं हाय.”

सुनीलराव हसायला गेले, पण जमलं नाही.

“मंग मला सांगा,” झुंबर म्हणाला, “दोर मागं हाय, हे कुनाचं? तिचं का तुमचं?”

“अहो, ते त्यांचंच! शपथ! पुढचं फक्त मी जरा…”

“मला हितं वर काय कळनार, कुठपतूर तिचं आन कुठून तुमचं? सकाळधरनं आठ फांद्या तोडल्या मी तुमच्या बोलन्यावर.” एवढं म्हणून झुंबर थांबला. त्या आठ फांद्या त्याच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. “आता तिचा आवाज आल्याबिगर करवत लावत नाय.”

झालं. सुनीलराव अंबूबाईकडे वळले. अंबूबाई दोराकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, दांडी दाबावी आणि याला खाली आणावं, न बोलता. तिनं दाबलीही. दोर ढिला झाला, पण झुंबर हलला नाही. कमरदोर बुंध्याला घट्ट होता आणि तो सोडायचा त्याचा विचार दिसत नव्हता. तिनं ढिला दोर मुकाट्यानं परत ओढून घेतला.

वर तो, खाली ती. बाल्कन्यांत माणसं जमली. अंजली मॅडमनं कठड्याशी येऊन विचारलं, “दादा, चहा देऊ का?” झुंबर म्हणाला, “नको, हात गुतलेत.” पहिल्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं की झाड अर्धंच ठेवणार आहेत काय. सुनीलराव “होतंय, होतंय” म्हणत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अबोल्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे साऱ्या जगाला माहीत आहे.

अंबूबाईनं वर बघितलं. झुंबर एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता. पन्नास फुटांवर एका जागी उभं राहिलं की तसं करावंच लागतं, त्यात विशेष काही नाही. पण तिला सुरूवरचा तो क्षण आठवला, तो बुंध्याला बिलगून राहिला होता तो. आणि तिला जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून आलं.

“अहो!”

बाल्कन्यांतली माणसं कठड्यावर वाकली.

“सायखेड्याला दोर सुटला व्हता माझ्या हातून! कळलं व्हतं का तुम्हाला?”

“कळलं व्हतं.”

“मंग बोलला का नाय?”

“तू बोलली नाय.”

“मी काय बोलू? नवरा सोडला म्हनू?”

“सोडला कुठं? दोन विती तर खाली आलो.”

“दोन विती नाय! हातभर गेला व्हता दोर! मी बघितलंय!”

“बरं, हातभर.”

“आन मंग ते खोकं आनलं! माणूस लागत नाय म्हनले! मला काढून टाकलं!”

“आगं, पोरगं समोर बसलं व्हतं!” झुंबरचा आवाज पहिल्यांदा चढला. “पोरासमोर काय सांगू? तुझ्या आईचा अंगठा गेला, तिच्यानं आता धरवत नाय, हे सांगू? म्हनलं, तुला काय न सांगता तुझ्या हातावरचं काम सुटंल. तर तू बोलायचीच बंद झाली!”

अकरा दिवस अंबूबाईनं जे वाक्य रात्रंदिवस चघळलं ते असं होतं होय? तिला राग आला, आणि कुणाचा ते सापडेना. पार्किंगपासून पाचव्या मजल्यापर्यंत सगळे ऐकत होते, आणि आता लाज धरून उपयोग नव्हता. जायची ती गेली होती.

“अजून दुखतो अंगठा,” ती ओरडली. “आन मला भ्या वाटतं! त्या दिसापासून, तुम्ही वर गेले की वाटतं! दोर धरला तरी वाटतं, नाय धरला तरी वाटतं!”

“मलाबी वाटतं.”

“काय?”

“भ्या वाटतं म्हनतो मलाबी!” झुंबर पन्नास फुटांवरून, पंचवीस बिऱ्हाडांच्या देखत ओरडला. “आजचं नाय, पयल्यापासून! परत्येक झाडावर!”

“मंग चढता कसे?”

“तू मागं म्हनती ना, मंग नाय वाटत. लॉक काय म्हनतंय? ते नुसतं धरतं. त्याला दिसतं का?”

सुनीलरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला. आयुष्यात पहिल्यांदा एक भांडण त्यांच्यावाचून मिटत होतं, आणि त्यांना कुठं उभं राहावं कळत नव्हतं.

वर झुंबरनं हालचाल केली. पाय मोकळे केले, पुन्हा टेकवले, कमरदोर आवळला. कडीची करवत काढली. बाल्कनीतली फांदी त्याच्या समोरच होती. त्यानं करवत तिच्या बुडाशी नेली आणि थांबला.

“दोर?”

“मागं” हा शब्द अंबूबाईच्या ओठांवर आला होता. सव्वीस वर्षांत तो इतक्या वेळा म्हणून झालेला की आपोआपच येतो. तिनं वर बघितलं. झाड होतं, आभाळ होतं, झुंबरचं पिवळं हेल्मेट होतं, पण सगळं पाण्यातून बघितल्यासारखं हलत होतं. दोर कुठं दिसेना.

“थांबा!” ती ओरडली. “मला दिसत नाय!”

“काय झालं?”

“डोळ्यात पानी आलंय!”

झुंबरनं करवत फांदीपासून लांब केली.

“बरं,” तो म्हणाला. “पुसून घे. मी हाय हितंच.”

तिनं पदरानं डोळे पुसले. ते लगेच भरले. तिनं पुन्हा पुसले, नाक पुसलं, खोल श्वास घेतला. कुणी घाई केली नाही. एक माणूस पन्नास फुटांवर झाडाला मिठी मारून बसला होता आणि त्याची बायको खाली रडत होती, आणि पाच मजल्यांची माणसं कठड्याला रेलून तिचं रडून व्हायची वाट बघत होती.

मग तिला दिसलं. बोलता बोलता झुंबर तिच्याकडे वळला होता, आणि त्याच्याबरोबर दोरही सरकला होता. आता तो बुंध्याच्या या बाजूनं उतरत होता, आणि त्या फांदीच्या बुडावर, करवत जिथं बसणार होती बरोबर तिथं, ताठ होऊन टेकला होता.

“पुढं!” अंबूबाई म्हणाली. “पुढं आलाय. हात लावू नका.”